किती गेले ते ठाऊक आहे, कोण गेले ते नाही

आमच्या गावच्या चावडीजवळ एक दगडी पाटी आहे. सातारा जिल्ह्यात आणि घाटाखाली कोकणातही अशा पाट्या बऱ्याच गावांत दिसतात. इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धानंतर त्या बसवल्या. मजकूर जवळपास सगळीकडे तोच: या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धावर इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आता रस्ता रुंद व्हायचा आहे आणि पाटी मध्ये येते. त्यावरून गावात तट पडले आहेत. एक तट म्हणतो, ही गुलामीची खूण आहे, इंग्रजांसाठी मेलेल्यांचं कौतुक आपण का करायचं? पाटी काढा आणि तिथे शहीद स्मारकाची मोठी कमान उभारा. दुसरा म्हणतो, हा पूर्वजांचा पराक्रम आहे, दगडाला हात लावून दाखवा. तिसऱ्या तटाला पाटीचं काही देणंघेणं नाही, कमानीवर देणगीदार म्हणून कोणाचं नाव वर येणार एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

परदेशातल्या माणसाला अशा वादात मत विचारतात ते वर्गणी काढायची वेळ जवळ आली म्हणून, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. वर्गणी देईन. पण मतही देणार.

मी इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहते. बाजारचौक, एक चर्च, दोन पब, एक शाळा, एवढाच पसारा. चौकात दगडी क्रॉस आहे आणि त्याच्या चौथऱ्यावर दोन्ही महायुद्धांत गेलेल्या गावकऱ्यांची नावं आहेत. या देशात युद्धस्मारकांची संख्या लाखाच्या घरात आहे. ज्या गावातून गेलेले सगळे जिवंत परतले अशी गावं इंग्लंड-वेल्समध्ये पन्नासच्या आसपास, आणि त्यांना वेगळं नावच पडलं आहे. बाकी झाडून सगळ्या गावांत कुठे ना कुठे यादी आहे. आमच्या चौकातली यादी आडनावाच्या क्रमाने आहे, हुद्दा लिहिलेला नाही. जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्याच तबेल्यातला पोरगा वरखाली येतात, कारण दोघांची आडनावं एकाच अक्षरापासून सुरू होतात. त्यातली काही आडनावं आजही गावातल्या दुकानांवर आहेत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता सगळं गाव इथे जमतं. बिगुल वाजतो, दोन मिनिटं शांतता होते आणि मग यादीतलं एकेक नाव मोठ्याने वाचलं जातं. भाषण जवळजवळ नसतंच. स्थानिक कौन्सिलर हजर असतात, पण ओळीत उभे असतात. त्यांचा फोटो असलेला फलक मी अजून पाहिलेला नाही. (आपल्याकडच्या एका फलकावर हुतात्म्याचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे पाच चेहरे कलिंगडाएवढे होते, ते आठवून मला त्या शांततेत एकदा हसू आवरेना.)

खरं काम मात्र त्या रविवारी होतच नाही, ते वर्षभर चाललेलं असतं. गावात हौशी इतिहासकारांचं मंडळ आहे, बहुतेक सगळे निवृत्त लोक. त्यांनी यादीतल्या प्रत्येक नावाची फाईल केली आहे. हा कुठल्या घरात राहायचा, काय काम करायचा, कुठे आणि कसा मेला, त्याच्या बायकोने पुढे काय केलं. शाळेतली मुलं एकेक नाव वाटून घेतात आणि त्याच्या घराचा दरवाजा शोधत हिंडतात. एखादा कोणी सुटला होता असं कळलं तर चर्चा होते, कागद तपासतात आणि नाव जोडतात. जे परत आले त्यांच्या आठवणी टेपवर आहेत, ग्रंथालयात बसून कोणीही ऐकू शकतं. देशपातळीवरही हे झालं आहे. बीबीसीने २००३ ते २००६ या काळात दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी सामान्य लोकांकडून मागवल्या, तेव्हा ४७ हजार हकिकती गोळा झाल्या. त्यांत सैनिक होते तशा दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या बायका होत्या, शहरातून खेड्यात पाठवलेली मुलं होती.

हे सांगितलं की गावाकडून लगेच उत्तर येतं: ‘त्यांचं सगळं चांगलंच.’ नाही बाबांनो, सगळं चांगलं नाही. नोव्हेंबर आला की कोटावर कागदी पॉपी (युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचं लाल फूल) लावण्याची इथे इतकी सक्ती होऊन बसते, की टीव्हीवरच्या एखाद्या निवेदकाने ती लावली नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या देशभक्तीची चौकशी सुरू होते. आणि इंग्रजांची ही नावांची निष्ठा स्वतःच्या माणसांपुरती होती, हे तर आपल्या लोकांनी पाठच करायला हवं.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली आणि ७० हजारांहून अधिक परतली नाहीत. आपल्या भागातले पुष्कळ जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला, उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यानंतर कैदेतल्या पायपिटीत किती मेले, विचारू नका. त्या आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांना कबर वा चिता नशिबी आली नाही, अशांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. त्यावर इंग्रज शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचंही आहे. हिंदी शिपायाचं नाही. पलटणीचं नाव आणि त्याखाली आकडा. म्हणजे आमच्या चावडीजवळच्या पाटीवर जे केलं, तेच बसऱ्याला केलं: मोजलं, पण ओळखलं नाही.

राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने (युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी ही संस्था १९१७ ची) एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्या इतिहासाचा अहवाल काढून हे कबूल केलं आणि माफी मागितली. त्यांच्याच हिशोबाने, आशिया आणि आफ्रिकेतले ४५ ते ५४ हजार सैनिक असमान पद्धतीने स्मरले गेले, आणि आणखी किमान १ लाख १६ हजारांची नावाने नोंदच नाही. शंभर वर्षांनी का होईना, चूक छापून दिली. ब्राइटनजवळच्या टेकडीवर ‘छत्री’ नावाचं संगमरवरी स्मारक आहे. जखमी होऊन तिथल्या इस्पितळांत आलेल्या आणि वारलेल्या हिंदू-शीख सैनिकांना त्या टेकडीवर अग्नी दिला होता. छत्री १९२१ ची, पण तिथे दहन झालेल्या ५३ जणांची नावं दगडावर आली ती २०१० मध्ये. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाला मी तिथे गेले आहे. नावांच्या दगडापुढे लोक बराच वेळ उभे राहतात, छत्रीचा फोटो काढून मात्र लगेच पुढे सरकतात.

आता ‘कोणासाठी लढले’ हा प्रश्न. तो खोटा नाही आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. दिल्लीतही २०२२ च्या जानेवारीत तो निघालाच होता. इंडिया गेटखालची अमर जवान ज्योती राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत विलीन केली, तेव्हा एक बाजू म्हणाली, पन्नास वर्षं तेवलेली ज्योत विझवली. दुसरी म्हणाली, इंडिया गेटवर कोरलेली नावं साम्राज्यासाठी लढलेल्यांची आहेत, १९७१ च्या हुतात्म्यांची तिथे नाहीतच, ती नव्या स्मारकावर आहेत. दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण त्या सगळ्या गदारोळात इंडिया गेटवरच्या तेरा हजारांवर नावांपैकी एकही नाव कोणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

माणसं भरती का झाली हे माण-खटावच्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. पाऊस नाही, चार भावांत दोन एकर, सावकार दारात. १९१४ साली शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता आणि तो वेळेवर यायचा. पेन्शन म्हणजे दुष्काळात न आटणारी विहीर. राजाविषयी निष्ठा वगैरे भरतीच्या कचेरीत बोलायच्या गोष्टी. अशा माणसाला आज ‘भाडोत्री’ म्हणणं म्हणजे त्याच्या पोटाला आपल्या भरल्या पोटाने शिकवणं आहे. उलट, त्याला स्वराज्याचा मावळा करून टाकणंही तितकंच खोटं. तो जो होता तो राहू दे की.

आणि हे बघा, सातारा जिल्हा हाच. सातारजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण मारले गेले, गावाचं नावच पुढे अपशिंगे मिलिटरी झालं. आणि याच जिल्ह्यात १९४३ ते ४६ दरम्यान नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांना पुरून उरलं. एकाच भावकीतला एक जण इटलीत पलटणीबरोबर आणि दुसरा प्रतिसरकारच्या लोकांना रात्री भाकरी पोचवणारा, असं तेव्हा अशक्य नव्हतं. यातला खरा कोण, हे ठरवायला आपण पंच म्हणून बसलो आहोत का?

दगडावरच्या नावाचा अर्थ तो दगड बसवणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे तर महाराष्ट्राला कोणी सांगायची गरज नाही. भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयाचा म्हणून उभारला. त्यावर ४९ नावं कोरली, त्यांतल्या २२ जणांच्या नावाच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार सैनिक. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थ कायमचा बदलला. कंपनीने तिथे नुसता आकडा कोरला असता तर?

इटलीतलं एक उदाहरण देते, कारण ते आपल्याच माणसाचं आहे. यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सगळे पडले किंवा जखमी झाले, एकटे घाडगे उरले. ते तसेच धावत गेले. ग्रेनेडने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने आणखी दोघांना मारलं आणि मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. देह सापडला नाही. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, हे चांगलंच. पण २०२३ च्या जुलैमध्ये, जवळपास ऐंशी वर्षांनी, उंब्रियातल्या मोंतोने नावाच्या चिमुकल्या डोंगरी गावाने त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. त्या गावाचा यात काय स्वार्थ? घाडग्यांचा मतदार तिथे कोणी नाही. आपल्या रानात कोण कुठून येऊन मेलं याची नोंद गावाकडे असावी, एवढंच त्यांना वाटलं. मराठा पलटणीचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉसवाले नामदेव जाधव, संगमनेरकडच्या निमजचे. सेनियो नदीवर जखमी साथीदारांना त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. ते जिवंत परत आले आणि १९८४ पर्यंत आपल्यात होते. ते असताना त्यांच्यासमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेलं कोणी असेल तर ते ध्वनिमुद्रण आज शाळाशाळांत वाजायला हवं होतं.

जिवंत माणसाचा मान ठेवण्यात आपण इंग्रजांच्या पुढे आहोत, हेही मी इथल्या मंडळींना सांगत असते. सुभेदार निवृत्त होऊन आला की पश्चिम महाराष्ट्रात उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, गुलाल, हलगी, सुवासिनी ओवाळतात. इथे निवृत्त होणारा सैनिक एकटाच ट्रेनमधून बॅग घेऊन उतरतो. त्यांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही. ग्रामपंचायतीत माजी सैनिकाची घरपट्टी माफ आहे, १५ ऑगस्टला पहिल्या रांगेत खुर्ची आहे, शाल आहे, श्रीफळ आहे. पण नारळ हातात दिला की आपलं काम संपतं. ‘आप्पा, तिथे नेमकं काय झालं?’ असं खाली बसून विचारणारा कोणी नसतो. सत्कार झटपट उरकतो, ऐकायला वेळ लागतो.

१९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशातल्या जमालपूरला मराठ्यांच्या जंगी पलटणीबरोबर लढाईत असलेला वीस वर्षांचा पोरगा आज पंचाहत्तरीत आहे. १९६५ वाले त्याहून म्हातारे. श्रीलंकेत १९८७ ते ९० मध्ये भारतीय शांतिसेनेचे हजारावर जवान मारले गेले, तिथून परतलेल्यांची तर मिरवणूकही नीट निघाली नव्हती. ते साठीत-सत्तरीत आहेत आणि त्यांना बोलायचं आहे. मागच्या सुट्टीत आमच्या आळीतल्या एका काकांशी बोलत बसले. लढाईचं ते चार वाक्यांत बोलले. पण मोर्च्यात भिजलेले मोजे वाळवायची युक्ती, लंगरमधला डालड्याचा वास, पत्र लिहिता न येणाऱ्या सोबत्याच्या बायकोला त्याच्या वतीने लिहिलेली आणि थोडी स्वतःच्या मनाने वाढवलेली पत्रं, यावर दुपार गेली. काकू आतून म्हणाल्या, ‘आणि इथं पत्र वाचायला मला मास्तरांकडं जावं लागायचं, सगळ्या आळीला कळायचं काय लिहिलंय ते.’ तीसुद्धा युद्धाची आठवणच आहे, आणि ती कोणत्याही कमानीवर मावणार नाही.

म्हणून कमानीला माझा विरोध आहे. पैसा नको म्हणून नव्हे, पैसा चुकीच्या जागी जातो म्हणून. तोच पैसा आणि त्याच्या दहापट वेळ यादीवर घाला. पाटीवरच्या आकड्यातली जेवढी नावं सापडतील तेवढी शोधा. राष्ट्रकुल आयोगाची नोंद इंटरनेटवर फुकट पाहता येते. हिंदी सैनिकाच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. अडचण एवढीच, की नावं इंग्रज कारकुनाने कानाला लागली तशी लिहिली आहेत, त्यामुळे ‘सखाराम’ चार प्रकारे शोधावा लागतो आणि गावाचं नाव तर वाचून हसावं की रडावं कळत नाही. हे काम लंडनमध्ये बसलेल्या संशोधकाला जमणार नाही. अमुक अक्षरं म्हणजे आपलीच वाडी आणि हा बाप म्हणजे खालच्या आळीतल्या तमक्याचा खापरपणजा, हे गावातल्या पाटलाला, कोतवालाला, नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या आजीला कळणार. देवळातल्या वह्या, गुरवाकडचे कागद, ट्रंकेत पडलेलं डिस्चार्ज बुक, पदकं, पेन्शनचे कागद, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बेळगावचं मराठा रेजिमेंटल सेंटर, एवढ्या दारांवर थाप मारायला दोन मास्तर आणि दहा कॉलेजची पोरं पुरेत. पंजाबात पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या गाववार वह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्या २०२१ मध्ये इंटरनेटवर आणायला सुरुवात झाली, सुमारे ३ लाख २० हजार जणांच्या नोंदी. आता इंग्लंडमधली पोरं आपल्या पणजोबाचं गाव टाकून बघतात. आपल्याकडे अशी वही नसेल तर आपण लिहायची.

जिवंत असलेल्यांसाठी मोबाईल पुरे आहे. फक्त मुलाखत घेणाऱ्याने ‘तुम्हाला कसं वाटलं’ असं विचारू नये, ते टीव्हीवाल्यांना राहू द्यावं. काय खाल्लं, कुठे झोपलात, शेजारी कोण होता, घरी पहिलं पत्र कधी आलं, असं विचारावं. आणि बायकांना वेगळं बसवून विचारावं, नवऱ्यासमोर त्या बोलत नाहीत.

रस्त्याचं म्हणाल तर पाटी दहा फूट सरकवा, कोणाचं काही जात नाही. पण ती फोडू नका. त्या आकड्याशी ताडून बघायला यादी लागेल आणि यादीशी ताडून बघायला तो आकडा.

एक भांडण मात्र नक्की होणार, तेव्हा आधीच सांगून ठेवते. लिंकनशायरमधल्या फुलस्टो या खेड्यात पहिल्या महायुद्धानंतर स्मारक उभं राहिलंच नाही. त्यांच्यातल्या एका शिपायाला पलटण सोडून गेल्याबद्दल १९१७ मध्ये त्याच्याच सैन्याने गोळ्या घातल्या होत्या. त्याचं नाव यादीत चालणार नाही असं वरून आलं, तेव्हा गाव म्हणालं, मग कोणाचंच नको. तब्बल ऐंशीहून अधिक वर्षं ते गाव स्मारकाविना राहिलं. २००५ मध्ये स्मारक झालं, ते त्याच्या नावासह. त्याच्या पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने अशा ३०६ जणांना माफी देणारा कायदा केला. आपल्याही प्रत्येक गावात असा एक जण असतो, पळून आलेला, वेडा होऊन परतलेला, कोर्टमार्शल झालेला किंवा ज्याच्या जातीमुळे त्याचं नाव मिरवणुकीत घ्यायचं राहून गेलं असा. आमच्या गावात तो कोण हे सगळ्यांना माहीत आहे. यादी करायला बसाल तेव्हा त्याचं नाव पहिलं लिहा, म्हणजे जे काही भांडण व्हायचं ते पहिल्याच बैठकीत होऊन जाईल आणि बाकीच्या कामाला लागता येईल.